बारक्याचं वजन

आत्याच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त होत. भाजीवाल्यांचे तराजू, दवाखान्यातले तान्ही बाळं तोलायचे काटे, पंख्याच्या वाऱ्यानेही डुलणारे सोनारांचे नाजूक काटे, सगळे कधी ना कधी तिच्या टेबलावर येऊन गेलेले. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. ते गेले तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, आता बंद करू. आत्या म्हणाली, मी बसते. ती जी बसली, ती पस्तीस वर्षं बसली. लग्न केलं नाही आणि त्याची तिला कधी रुखरुखही लागली नाही. वरच्या मजल्यावर भाऊ, भावजय आणि भाची राहत. खाली पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ती. भाचीच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली होती. कोपऱ्यावरचा कुलूपवाला तर तिच्याहून चांगला आठ वर्षांनी मोठा, पण तोही आत्याच म्हणायचा.

भाचीला दूरच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो सरड्यांचा. तिच्याकडे दोन सरडे होते. कुंपणावर दिसतात तसले नव्हेत. पाळण्यासाठीच वाढवलेले, वाळूच्या रंगाचे, शेपटीसकट हातभर लांब. गळ्याखाली काटेरी कातडीची झोळी, ती फुगवली की दाढी राखल्यासारखी दिसे. एकाचं नाव जाड्या, दुसऱ्याचं बारक्या. अंड्यातून निघाल्यावर महिनाभरातच दोघे एकत्र तिच्याकडे आले होते, आणि तीन वर्षं एकाच काचेच्या पेटीत राहत होते.

"वर ठेवायचे नाहीत," भावजयीने जाहीर केलं. "तू होतीस तोवर चाललं. तू गेल्यावर त्या पेटीकडे मी बघणारसुद्धा नाही. आणि त्यांच्या खाण्याचे ते रातकिडे? एक सुटला होता तर आठ दिवस फ्रिजमागे ओरडत होता."

"मग खाली ठेव," आत्या म्हणाली. "माझ्या दुकानात काय कमी किडे येतात?"

भाचीने जायच्या आदल्या दिवशी चार पानं भरून सूचना लिहून दिल्या. दिवा किती वाजता लावायचा, किती वाजता मालवायचा, भोपळ्याचा कीस किती, हिरवी पानं किती, रातकिडे आणि अळ्या किती. शेवटच्या पानावर एका वाक्याखाली तिने दोनदा रेघ ओढली होती. *त्यांना कधीही वेगळं करायचं नाही.*

"ते एकमेकांवर झोपतात गं," ती म्हणाली. "एकाला उचललं की दुसरा शोधतो. कबूल कर."

"बरं," आत्या म्हणाली. सरड्यांबद्दल तिला तेव्हा काडीचंही कळत नव्हतं. बरं म्हणायला काही लागत नव्हतं.

पहिले दीड-दोन महिने मजेत गेले. सरडे सपाटून खात होते. जाड्या तर अळी चिमट्यातून सुटायच्या आत तिचा फडशा पाडायचा. गिऱ्हाइकं काटा दुरुस्तीला टाकून पेटीसमोर उभी राहत. बारक्याची एक सवय सगळ्यांना फार आवडे. जाड्या जवळ आला की तो पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवायचा. "बघा, टाटा करतोय," म्हणत लोक हसायचे आणि उलटा टाटा करायचे.

आत्याने आपल्या परीने त्यात एक भर घातली. दर सोमवारी दुकान उघडण्याआधी ती दोघांना काट्यावर ठेवून वजन करायची आणि वहीत लिहून ठेवायची. भाचीच्या चार पानांत हे नव्हतं. पण समोर काटा आहे आणि त्यावर ठेवण्यासारखं काही आहे, तर ते तोलल्याशिवाय आत्याला चैन पडत नसे. जाड्या चारशे बासष्ट ग्रॅम. बारक्या तीनशे छप्पन्न.

मग थंडी पडली. दिवस आखडले, दुकानात दुपारीच दिवे लागायला लागले, आणि एका सकाळी जाड्याने अळीकडे पाहून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो पेटीतल्या पोकळ ओंडक्यात शिरला आणि झोपून गेला. आत्याचं धाबं दणाणलं. तिने भाचीला फोन लावला.

"अगं, हिवाळ्यात त्यांची भूक जाते," भाची हसत म्हणाली. "दोन-अडीच महिने नीट खात नाहीत, झोपून काढतात. तिसऱ्या पानावर लिहिलंय. वाचलं नाहीस ना?"

आत्याने वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि भरल्या वाटीतला भोपळा तसाच्या तसा फेकून देणं वेगळं. तरी तिला धीर आला. पुढच्या आठवड्यात बारक्यानेही खाणं सोडलं, तेव्हा ती घाबरली नाही. तो ओंडक्यात गेला नाही, पाण्याच्या भांड्यामागे गार कोपऱ्यात पडून राहिला. तिने मनाशी म्हटलं, हाही झोपतोय.

सोमवारी वजन केलं. जाड्या चारशे साठ. बारक्या तीनशे एकोणपन्नास.

पुढच्या सोमवारी जाड्या चारशे एकोणसाठ, बारक्या तीनशे अडतीस.

त्याच्या पुढच्या सोमवारी जाड्या चारशे अठ्ठावन्न. बारक्या तीनशे सव्वीस.

आत्या वही पुढे घेऊन बसली. मग उठली, कपाटातून प्रमाण वजनांची पेटी काढली, जिच्यावर गल्लीतल्या सगळ्या काट्यांची परीक्षा व्हायची. एकेक पितळी वजन चिमट्याने उचलून तिने काटा तपासला. काट्यात काडीमात्र फरक नव्हता. फरक सरड्यांत होता. थंडी दोघांना एकच, पेटी एकच, उपास दोघांचाही. मग एक झोपेत तीन आठवड्यांत चार ग्रॅम उतरतो आणि दुसरा तीस ग्रॅम, हे कसं?

चपलांच्या खोक्यात टॉवेल घालून ती बारक्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयस्क होते, शांत होते, आणि त्यांच्या दाराशी कायम मांजरांच्या टोपल्यांची रांग असे. त्यांनी बारक्याला उलटासुलटा करून पाहिला, तोंड उघडून पाहिलं.

"हिवाळा आहे, ताई. ह्या जातीचं असंच असतं. वसंत आला की खाईल."

"त्याच्या जोडीदारालाही हिवाळाच आहे की," आत्या म्हणाली. "तो का नाही वाळत?"

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी."

"डॉक्टर, प्रकृती वेगळी असेल. पण हे बघा." तिने वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. "हा माणूस असता, साठ किलोचा असता, तर तीन आठवड्यांत पाच किलो उतरला असता. तुम्ही त्याला हिवाळा म्हणून घरी पाठवलं असतं का?"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. आकड्यांवरून बोट फिरवलं. मग चष्मा पुन्हा खाली घेऊन परत वाचलं.

"विष्ठेचा नमुना आणा," ते म्हणाले. "पोटात जंत असतील तर कळेल."

खाणंच नाही तिथे नमुना कुठून आणणार? पण कोमट पाण्यात बसवलं की होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्याने बारक्याला रोज दुपारी उथळ परातीत कोमट पाण्यात बसवलं. चौथ्या दिवशी काम फत्ते झालं. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"काही नाही. स्वच्छ आहे." त्यांनी हात पुसले. "खरं सांगू का, सरड्यांतलं मला फार कळत नाही. पण तुमचं बरोबर होतं आणि मी घाईने बोललो. हा आजारी नाही, आणि हे नुसत्या थंडीचंही नाही. कारण पेटीतच कुठेतरी आहे. दिवसभर तुम्ही तिथे असता. बघत बसा."

आत्या परत आली ती चंग बांधूनच. तिने आपलं कामाचं टेबल फिरवलं. पस्तीस वर्षं ते रस्त्याकडे तोंड करून होतं, आता पेटीकडे तोंड करून लावलं. गिऱ्हाइकांना तिची पाठ दिसू लागली. कुलूपवाला म्हणाला, "आत्या, रुसलीस की काय आमच्यावर?" ती म्हणाली, "गप्प बस, बघू दे."

चार दिवस तिने काटे खोलत, स्प्रिंगा बदलत, नजर वर करून करून पाहिलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जाड्याची झोप कच्ची होती. रोज बाराच्या सुमाराला तो ओंडक्यातून डोकं काढी, दिव्याखालच्या सपाट दगडाकडे संथपणे निघे. बारक्या दगडावर असला तर जाड्या सरळ त्याच्या पाठीवर चढून बसे. ह्यालाच सगळे माया म्हणत होते. भाचीने त्याचे कितीतरी फोटो काढले होते. आता आत्याने भिंगातून पाहिलं. स्प्रिंगेचा बारीक तडा पाहायचं भिंग ते. वरचा सरडा दिव्याची ऊब आणि उजेड सगळा स्वतःच्या पाठीवर घेत होता. खालचा सावलीत चपटा होऊन डोळे मिटून पडला होता, आणि त्याचा पुढचा पाय उचलून गोल गोल फिरत होता. टाटा नव्हता तो. तो सांगत होता की तू मोठा, मी लहान, मला सोड. जाड्या मान वरखाली झटकायचा, गळ्याची झोळी कोळशासारखी काळी करायचा. मग बारक्या दगडावरून उतरून भांड्यामागे गार कोपऱ्यात जाई, आणि जाड्या परत झोपी गेला तरी उरलेला सगळा दिवस तिथून हलत नसे.

सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, एवढं भाचीच्या पानांवर होतं. ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही, आणि पचत नाही तेव्हा भूकही लागत नाही. उन्हाळ्यात दोघे खात होते, म्हणून हे झाकलं गेलं असणार. किंवा तेव्हाही बारक्या जाड्याचं उरलेलंच खात असेल. कोणी तोललं होतं?

पाचव्या दिवशी तिने झोपलेल्या जाड्याला ओंडक्यासकट उचलून मागच्या खोलीत नेलं. घड्याळ लावून बसली. नवव्या मिनिटाला बारक्याने भांड्यामागून मान काढली. इकडेतिकडे पाहिलं. बाराव्या मिनिटाला तो दगडावर होता, पाय पसरून, अंग पसरट करून, तोंड किंचित उघडं ठेवून दिवा पीत बसला होता. दोन तास तसाच बसला. एकदाही पाय हलवला नाही.

आत्याने भाचीला फोन केला.

"मला त्यांना वेगळं ठेवावं लागणार आहे," ती म्हणाली आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

"आत्या, ते लहानपणापासून एकत्र आहेत," भाची म्हणाली. "तू त्यांना चार महिने ओळखतेस. मी तीन वर्षं. एकटा पडला की तो झुरूनच मरेल."

"तो आताच मरायला टेकलाय."

"हिवाळा आहे! कोणीच खात नाही हिवाळ्यात! तू बरं म्हणाली होतीस. म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"मग?"

आत्याने पुढे काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

जेवताना तिने भावाला सांगितलं. भाऊ छापखान्यात पाळ्यांनी काम करून दमलेला असे, त्याला घरात वाद नको असत. "तिचे सरडे, तिचं ऐक ना, ताई," तो म्हणाला. "तू कशाला वाईटपणा घेतेस? गेलाच तर थंडीने गेला म्हणू. तिलाही पटेल."

"म्हणू?" आत्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला माहीत आहे तो कशाने वाळतोय. माहीत असताना थंडीने म्हणू?"

भावजय मध्येच म्हणाली, "ताईंनी एकदा डोक्यात घेतलं की झालं. तुम्ही आपलं जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने भाचीला निरोप लिहिला. चोरून काही करायचं नव्हतं. *उद्या दहा वाजता मी त्यांना वेगळं करणार आहे. मी तुला बरं म्हणाले होते, ते मी मोडतेय. राग धर, पण तुला कळल्याशिवाय करत नाहीये.* उत्तर आलं नाही.

मोठे काटे मांडून ठेवायची एक जुनी काचेची पेटी दुकानात होती. आत्याने ती रिकामी केली, मागे जाळी ठोकली, वर दिवा बसवला. सरड्यांना लागतो तसा खास नळीचा दिवा मिळवायला तिला गावातली तीन दुकानं पालथी घालावी लागली. दोन पेट्यांच्या मध्ये तिने पुठ्ठा उभा केला, एकाला दुसरा दिसता कामा नये म्हणून. आणि बारक्याला जागेवरच ठेवून तिने जाड्याला हलवलं. कोपऱ्यात पडून पडून ती पेटी त्याने कमावली आहे, असं तिला वाटलं. जाड्या नव्या पेटीत पोचेपर्यंत जागासुद्धा झाला नाही.

आता बारक्या खाईल, ह्या खात्रीने तिने अळ्या पुढे केल्या. त्याने पाहिलंसुद्धा नाही.

तो दगडावर बसायचा, ऊब घ्यायचा, आणि खायचा नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सोमवारी तीनशे. आत्याने आता रोज वजन करायला सुरुवात केली. दोनशे सत्त्याण्णव. दोनशे चौऱ्याण्णव. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली. भाऊ येता-जाता पेटीकडे पाही आणि वर निघून जाई. भाचीचा फोन रोज वर यायचा, खाली यायचा नाही.

एकदा आत्याच्याही मनात आलं, पोरगी म्हणाली ते खरं असेल तर? खरंच झुरत असेल तर? मधला पुठ्ठा काढायला तिचा हात गेला होता. पण पुठ्ठा काढला तर काय दिसणार, ते तिने चार दिवस पाहिलं होतं. तिने हात मागे घेतला आणि डॉक्टरांकडे गेली.

"पोट फार दिवस रिकामं राहिलं की भूक विसरतं," डॉक्टर म्हणाले. ह्या वेळी त्यांनी पुस्तक काढून वाचून ठेवलं होतं. "आता त्याची वाट बघू नका. तुम्ही भरवा. पातळ करून, थेंबाथेंबाने. आधी दोन तास दिव्याखाली बसू द्या, मगच. गार अंगात अन्न घातलंत तर आत कुजेल."

त्यांनी दिलेली भुकटी पाण्यात कालवायची, सुई काढलेल्या पिचकारीत भरायची, बारक्याच्या नाकपुडीखाली एक थेंब सोडायचा. तो चाटतो का पाहायचं. पुन्हा एक थेंब. चार थेंबांना पाऊण तास लागायचा. आत्याने ठरवलं, रोज बारा ते एक दुकान बंद. पस्तीस वर्षांत दुपारी कधी बंद नव्हतं. दारावर पाटी लागली, 'एक वाजता या.' गिऱ्हाइकं कुरकुरली, मग एक वाजता येऊ लागली.

आठव्या दिवशी सिमेंटच्या गोदामातून बोलावणं आलं. ट्रक तोलायचा मोठा काटा अडला होता, दारात गाड्यांची रांग लागली होती, आणि तो काटा दुरुस्त करणारं आसपास दुसरं कोणी नव्हतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आत्या जिन्याशी उभी राहिली.

"बारा वाजता कोणीतरी लागेल," ती वर पाहून म्हणाली. भाऊ कामावर होता. वर फक्त भावजय होती.

"मी?" भावजय म्हणाली. "ताई, मला पालीची भीती वाटते. पालीची! हा तर पालीचा आजोबा."

"त्याला दात लावायचीसुद्धा ताकद नाही आता."

भावजय आत निघून गेली. दहा मिनिटांनी भांडी घासायचे लांब रबरी हातमोजे घालून, डोक्याला रुमाल बांधून ती जिना उतरली. "दाखवा," म्हणाली.

आत्या संध्याकाळी तेलाने माखलेली परत आली तेव्हा भावजय दुकानात खुर्ची टाकून बसली होती. हातमोजे मांडीवर होते. "अकरा थेंब," ती म्हणाली. "मी मोजले. आणि ताई, तो माझ्याकडे बघत होता हो. एक डोळा मिटून." दुसऱ्या दिवशी बाराला ती न बोलावता खाली आली. हातमोजे न घालता.

वजन दोनशे चौऱ्याऐंशीवर आलं आणि तिथे थांबलं. तीन दिवस काटा तिथेच. चौथ्या दिवशी दोनशे पंच्याऐंशी. एका ग्रॅमसाठी आत्याने काटा पुन्हा एकदा पितळी वजनांवर तपासला. मग वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडली, "चढलं!"

त्याच आठवड्यात, पिचकारी भरत असताना, वाटीतून निसटलेली एक अळी दगडावरून वळवळत चालली होती. बारक्याने मान तिरकी केली. पाहिलं. आणि झेप घेतली. नेम चुकला, तोंड दगडावर आपटलं. आत्याने पिचकारी खाली ठेवली. त्याने परत मान तिरकी केली, परत झेप घेतली, आणि ह्या वेळी त्याच्या जबड्यात अळी होती. तो ती सावकाश चावत राहिला, कशाचीच घाई नसल्यासारखा. भावजयीने आत्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

वसंतात जाड्या जागा झाला, आणि हिवाळाभराची भूक एकदम अंगात आल्यासारखा खायला लागला. रातकिड्यांचा डबा दोन दिवसांत रिकामा. दिवस मोठे झाले तसा बारक्याही रोज खाऊ लागला, तीनशे दहावर आला. आणि मग भाची दहा दिवसांच्या सुट्टीवर आली.

ती दुकानात शिरली, दोन पेट्या पाहिल्या, मधला पुठ्ठा पाहिला. आत्याने वही पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"वाळलाय किती," ती बारक्याकडे पाहून एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मीठ हवं होतं तेही तिने आईकडे मागितलं, आत्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या मागच्या खोलीत चहा टाकत होती. दुकानात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, मग भाचीची किंकाळी. आत्या धावली. बारक्याच्या पेटीचं झाकण उघडं होतं, भाचीने जाड्याला आत सोडलं होतं. वसंतातला, पोटभर खाल्लेला, पूर्ण जागा झालेला जाड्या. त्याचा गळा काळाठिक्कर फुगला होता आणि बारक्याचा मागचा पाय त्याच्या जबड्यात होता. भाचीने हात घातला तर जाड्याने पाय सोडून तिचं बोट पकडलं. आत्याने ओला टॉवेल जाड्याच्या डोक्यावर टाकला, जबडा सैल झाला, तिने त्याला उचलून दुसऱ्या पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

बारक्याच्या पायाचं एक बोट गेलं होतं. भाचीच्या बोटातून रक्त ठिबकत होतं आणि ती ते न पुसता उभी होती.

"मला वाटलं, तुला दाखवावं," ती म्हणाली. "मला वाटलं, ते ओळखतील."

आत्याच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ती म्हणाली, "आधी त्याचा पाय बघ. तू शिकतेयस ना ते? कर."

भाचीने नाक ओढलं. हात धुतले, कापूस मागितला. बारक्याचा पाय धरून रक्त थांबेपर्यंत ती दाबून बसली, मग औषध लावलं. आत्याने शेजारी बसून दिवा धरला. मग आत्याने तिच्या बोटाला पट्टी बांधली, वाकडीतिकडी. "हे असं नसतं बांधायचं," भाची म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

संध्याकाळी तिने वही घेतली आणि पायरीवर बसून पहिल्या सोमवारपासून वाचली. दोनशे चौऱ्याऐंशीपाशी बराच वेळ थांबली.

"तू मला हे आकडे का नाही पाठवलेस?"

"मी लिहिलं त्याला तू उत्तर दिलं नाहीस."

"आईला सांगायचंस."

"आईच भरवत होती."

भाचीने वळून वर पाहिलं. भावजय खिडकीतले वाळलेले कपडे काढत होती. तिने ऐकलं नसल्याचं दाखवलं.

"मी त्यांना तीन वर्षं एकत्र ठेवलं," भाची हळू आवाजात म्हणाली. "तो तीन वर्षं घाबरत होता?"

आत्याला खोटं बोलून तिचं मन हलकं करता आलं असतं. "काही दिवस असेल," ती म्हणाली. "सगळे दिवस नसेल. ते मला कसं कळणार? तेव्हा कोणी तोललं नव्हतं."

समजूत पूर्ण पटली असं नाही. सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत भाची आत्याशी बोलत होती, पण जपून. जायच्या दिवशी मात्र ती बारक्याला छातीशी धरून बराच वेळ दुकानात फिरली. निघताना म्हणाली, "प्रशिक्षण संपल्यावर खोली घेईन तेव्हा जाड्याला नेईन. बारक्याला इथून हलवू नकोस. त्याला ही जागा मानवलीय." आणि मग, दारातून, "दर सोमवारी मला आकडा पाठव. दोघांचा."

आत्या सोमवारी दुकान उघडण्याआधी आकडे पाठवते. बारक्या आता तीनशे बावन्न ग्रॅम आहे, एक बोट गेलेलं असूनही. कामाचं टेबल तिने परत रस्त्याकडे वळवलं नाही. गिऱ्हाइकांनाही तिची पाठ बघायची सवय झाली आहे. बारा वाजता भावजय खाली येते, आता भरवायची गरज नसली तरी. अळी चिमट्यात धरून ती स्वतःच त्याच्यापुढे करते.